फ्रान्समध्ये क्रूझ नको, कालव्यावर जा

हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी फ्रान्समधल्या रिव्हर क्रूझची चौकशी करत असतं. साठी उलटते, गुडघे कुरकुरायला लागतात, मुलं मार्गी लागलेली असतात, बसमधून युरोप पालथा घालायचा उबग आलेला असतो. मग ती जाहिरात नजरेत भरते. ल्यों ते आव्हिन्यों, बॅग एकदाच उघडायची, खिडकीतून द्राक्षमळे सरकत जाणार. मला कुणी विचारलं तर मी सरळ सांगते, नका जाऊ.

ऱ्होन नदीवरची ती जहाजं शंभर मीटरहून लांब असतात. म्हणजे हॉटेलच ते, फक्त पाण्यावर. शिवाय ऱ्होन आता मोकळी वाहणारी नदी राहिलेली नाही. ठिकठिकाणी धरणं बांधून, वीजघरं बसवून तिला शिस्त लावलेली आहे. बोलेनच्या लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणाऱ्या दोन दारांच्या हौदात, जहाज वीस मीटरहून जास्त खाली उतरतं आणि तेवढा वेळ तुमच्या महागड्या बाल्कनीसमोर ओली काँक्रीटची भिंत असते. गाव आलं की कानात यंत्र लावायचं, काठी उंच धरलेल्या गाईडमागून चालायचं आणि जेवणाच्या घंटेला परत यायचं. वियेनमधलं रोमनांचं देऊळ, आव्हिन्योंचा पोपचा राजवाडा, हे बघण्यासारखंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते रेल्वेनं जाऊनही बघता येतं, आणि आरामात.

त्यापेक्षा दक्षिणेला कॅनाल दू मिदीवर जा. तूलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या तो नावाच्या खाजणापर्यंत २४० किलोमीटरचा हा कालवा आहे. १६८१ साली वाहतुकीला खुला झाला आणि अजून चालू आहे. घरासारखी बोट भाड्यानं मिळते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी. परवाना लागत नाही. अर्धा-पाऊण तास शिकवतात आणि सुकाणू तुमच्या हातात देऊन मोकळे होतात. वेगाची मर्यादा ताशी ८ किलोमीटर. काठावरून सायकलवाले ओलांडून जातात आणि वर हातही करतात.

आम्ही चौघं होतो. हे, मी, भावजी आणि जाऊबाई. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे माझ्या वाट्याला फ्रान्स कसा आला असेल याची कल्पना करा. लोक किल्ले बघत होते, आमचे हे सांडवे. पण खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच मला हा कालवा कळला, नाहीतर मीही ‘किती शांत, किती हिरवं’ म्हणून फोटो टाकले असते.

कालवा खणणं ही त्यातली सोपी गोष्ट. अवघड प्रश्न वेगळाच होता. मधे नोरूझचा उंचवटा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटर. तिथून कालवा दोन्ही बाजूंना उतरतो. प्रत्येक बोट लॉकमधून गेली की एक हौदभर पाणी खाली जातं, ते पुन्हा वर येत नाही. मग त्या माथ्यावर बारा महिने पाणी आणायचं कुठून? या प्रश्नापाशी आधीच्या सगळ्या योजना अडल्या होत्या. उत्तर शोधलं ते प्येर-पोल रिके नावाच्या बेझिएच्या माणसानं, आणि तो इंजिनिअर नव्हताच. राजासाठी मिठावरचा कर गोळा करणारा श्रीमंत ठेकेदार होता. मिठावरच्या कराचा पैसा असा सत्कारणी लागलेला मी तरी पहिल्यांदाच ऐकला. त्यानं शेजारच्या मोंताञ नोआर डोंगरातले ओढे अडवले, ते पाणी लांबच्या लांब पाटांनी नोरूझला आणलं आणि उन्हाळ्याची बेगमी म्हणून सॅं-फेरेओलला मातीचा भराव घालून धरण बांधलं. साठा साठ लाख घनमीटरच्या थोडा वर. ह्यांनी लगेच तोंडी हिशेब केला, “पाव टीएमसीसुद्धा नाही. पण तीनशे वर्षांपूर्वी, पाटी-फावड्यानं!”

चौदाव्या लुईची मंजुरी १६६६ ची. मंत्री कोलबेर मागे उभा होता. स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमार्गे जाणारा माल थेट आतून न्यायचा, हा हेतू. कामावर एका वेळी बारा हजारांपर्यंत माणसं होती, त्यांत बायका पुष्कळ. डोंगरातल्या त्या बायकांना उतारावरून पाणी खेळवायची पिढीजात समज होती. आणि रिके मजुरांना पावसाचा खाडा, रविवार, सणवार, सगळ्याचे पैसे द्यायचा. आपल्याकडच्या रोजंदारीवरच्या मजुराला हे आजही सांगून बघा. बिचारा स्वतः मात्र १६८० मध्ये गेला, कालवा सुरू व्हायच्या काही महिने आधी, मुलांच्या डोक्यावर कर्ज ठेवून.

आता लॉकविषयी, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. या कालव्यावरचे लॉक लंबगोल आहेत. सुरुवातीला सरळ भिंती बांधल्या होत्या, त्या मातीच्या दाबानं आत कोसळल्या. मग भिंतींना बाहेरच्या बाजूला बाक दिला, कमान आडवी झोपवल्यासारखा. दारापाशी सहा मीटर रुंद, मधे अकरा. आम्ही कार्कासोनजवळच्या त्रेबहून खाली बेझिएकडे निघालो होतो, म्हणजे प्रत्येक लॉकमध्ये उतरायचं. बोट आत घ्यायची. दोघांनी काठावर उडी मारून दोरांचे वेढे खुंटाला घ्यायचे. गाठ मारायची नाही, कारण पाणी खाली गेलं की बोट दोरावर लटकते. वरचं दार बंद होतं, खालच्या दाराच्या झडपा उघडतात आणि आपण हळूहळू भिंतीच्या आत जायला लागतो. दगडांच्या सांध्यांतलं शेवाळ नाकासमोर येतं, गार ओलसर वास येतो, हातातून दोर इंच इंच सोडत राहायचं. जाऊबाईंनी आयुष्यात दोर ओढला तो विहिरीचा, त्यालाही चाळीस वर्षं झाली असतील. तिसऱ्या लॉकनंतर त्या भावजींना सूचना द्यायला लागल्या होत्या. “अहो, ढिला सोडा म्हटलं ना!” शेजारच्या बोटीवरच्या डच आजोबांना मराठी येत नव्हतं, पण त्यांनीही आपला दोर ढिला केला.

दुपारी जेवणाच्या वेळी लॉक बंद. तासभर. दारापुढे चार बोटी खोळंबल्या असल्या तरी कुणी हॉर्न वाजवत नाही. काठावर टेबलं निघतात, पाव, चीज, वाइन. आम्ही मेथीचे ठेपले काढले. प्युईशेरिकजवळच्या एका लॉकवर तर भंगार लोखंडाचे आणि लाकडाचे चित्रविचित्र पुतळे उभे आहेत, तिथल्या लॉकवाल्यानं केलेले. जहाजाच्या काचेआडून हे दिसेल का?

आर्जांच्या लॉकनंतर ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. डोंगराच्या कडेकडेनं, एकाच समपातळीवर कालवा नागमोडी जातो. गावं लागतात पाराझा, ल सोमाय, कापेस्तांग, प्वाल्ह. कापेस्तांगचा पूल इतका बुटका आहे की छपरावरची छत्री मिटून सगळ्यांनी डोकी खाली घालावी लागतात. पाराझाजवळ कालवा रेप्युद्र नदीवरून दगडी पुलानं जातो, १६७६ चं काम. वर आपली बोट, खाली नदी. रिकेनं पुष्कळसे ओढे मात्र तसेच कालव्यात येऊ दिले होते आणि त्यांच्याबरोबर गाळही यायचा. पुढे व्होबां या किल्ले बांधणाऱ्या इंजिनिअरनं पाहणी केली आणि ओढ्यांसाठी कालव्याखालून मोऱ्या काढायला लावल्या, जादा पाण्यासाठी सांडवे वाढवले. ला रदोर्तचा कमानींचा सांडवा त्यातलाच. ह्यांनी तो दोन्ही काठांनी बघितला. चहा गार झाला.

मालपासचा बोगदा आला तेव्हा मात्र मीही कॅमेरा विसरले. दीडशे मीटरच्या थोडा वर लांबी, १६७९ चा, बोटींच्या कालव्यासाठी खोदलेला युरोपातला पहिला. टेकडीचा दगड ठिसूळ, कोलबेरनं काम थांबवायला सांगितलेलं, आणि तिथले लोक सांगतात की तो येऊन बघेपर्यंत रिकेच्या माणसांनी गुपचूप पलीकडचा उजेड काढला. गंमत अशी की त्याच टेकडीत आणखी दोन बोगदे आहेत. एक रेल्वेचा. दुसरा तेराव्या शतकातला, माँतादीचं तळं उपसून शेती करायला खोदलेला. वर चढून गेलात की ते कोरडं केलेलं तळं दिसतं. मधल्या बिंदूपासून चर निघालेत आणि त्रिकोणी शेतं चारी बाजूंनी गोल पसरलीत. तीन काळांतली तीन कामं, एकमेकांच्या डोक्यावर. आमचे हे तिथे बराच वेळ गप्प उभे होते, आणि ही गोष्ट विरळा आहे.

बेझिएला फोंसेरानचा लॉकचा जिना. ओळीनं हौद, साडेएकवीस मीटरचा उतार. तिथे गर्दी असते, आइस्क्रीमवाले असतात, आणि तुमची फजिती बघायला कठड्यावर प्रेक्षक असतात. मला ते फार आवडलं नाही.

आता जे जाहिरातीत सांगत नाहीत ते. कालव्याच्या दोन्ही काठांवरची ती प्रसिद्ध सावली मरते आहे. एकोणिसाव्या शतकात लावलेले सुमारे ४२ हजार प्लेन वृक्ष होते. एका बुरशीनं त्यांना ग्रासलंय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती फ्रान्समध्ये आली असं मानतात. या कालव्यावर ती सापडली २००६ मध्ये. रोग लागला की झाड तोडून जाळतात, शेजारची निरोगी झाडंही. हजारो गेली. काही पट्टे अगदी उघडे बोडके, ऊन डोक्यावर. त्या जागी आता ओकसारखी वेगवेगळ्या जातींची रोपं लावताहेत, म्हणजे पुन्हा एकाच रोगानं सगळी जायला नकोत. आणि रोग पसरवण्यात बोटींचाही हात आहे. बुंध्याला दोर बांधला, बोट मुळांवर घासली, की बुरशी पुढच्या झाडाकडे जाते. म्हणून झाडाला बोट बांधायची नाही, खुंटी ठोकायची. तरीही बांधणारे दिसतात. आम्ही एकांना सांगायला गेलो तर त्यांनी आम्हालाच हसून वाइन दिली.

दुसरं, पाण्यात पोहायचं नाव काढू नका. मनाई तर आहेच, पण भाड्याच्या पुष्कळ बोटींचं सांडपाणी थेट कालव्यात जातं. जागतिक वारसा म्हणून १९९६ साली नाव कोरलेल्या ठिकाणी हे चालतं, याचा मला राग आला आणि अजून आहे.

तिसरं, खाणं. हा बदकाचा, डुकराचा आणि वाइनचा मुलूख. इथला मानाचा पदार्थ कासुले, पांढऱ्या घेवड्याचा, पण त्यात बदक आणि सॉसेज आलंच. शाकाहाऱ्यांनी हॉटेलच्या भरवशावर जाऊ नये. पण बोटीत शेगडी आहे आणि गावोगावी आठवडी बाजार आहेत. टोमॅटो, पीच, जर्दाळू, आणि ल्यूक नावाची हिरवी, लांबट ऑलिव्हं, ती आम्ही दाण्यांसारखी खाल्ली. बेसन इथून न्या. संध्याकाळी पिठलं-भात केला की बोटीत आपोआप शांतता पसरते.

स्वस्त पडतं का? नाही. चौघांत वाटून जहाजापेक्षा कमी पडलं, एवढंच. गुडघे अगदीच गेले असतील, दोर धरायला कुणी तयार नसेल, तर खरंच जहाजावर जा, मी हसणार नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गर्दी, नोव्हेंबरनंतर हिवाळ्यात बोटी बंद. मे-जून किंवा सप्टेंबर बरा. सप्टेंबरमध्ये द्राक्षतोडणी असते आणि ट्रॅक्टरवाले तुमच्यापेक्षा वेगानं जातात. वारा मात्र सांभाळा. त्रामोंतान सुटला की बोट आडवी होते आणि सुकाणूवरचा माणूस कितीही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला असला तरी त्याचं ती ऐकत नाही.

कोणती कंपनी, किती पैसे, ते इनबॉक्समध्ये विचारा, सांगते. सांडव्यांबद्दल ह्यांना विचारा, पण मग तुमच्याकडे पुरेसा वेळ हवा.