गिरणगाव एकट्या संपाने नाही संपलं

गिरणगावावरच्या एका लेखात मुंबईचा हा कापड गिरण्यांचा भाग मोडण्याचं सगळं खापर १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपावर फोडलंय. ते अर्धंच खरं. संपाने रोजगार गेला, पण माणसं बरीच वर्षं चाळीतच होती. जागेचा निकाल नंतर लागला. १९९१च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे: मैदानं-बागांसाठी पालिकेला, घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला. २००१मध्ये दुरुस्ती आली आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती कितीशी असणार! २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला फिनिक्सचा मॉल सगळ्यांना दिसतो (तिथल्या गर्दीत आम्हीही असतो, ते सोडा). खानावळवाल्या बायकांचा मात्र लेखात उल्लेखही नाही. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेल्या कामगारांना त्या महिन्याच्या हिशेबाने दोन वेळ जेवू घालायच्या. गिरण्या थांबल्या तशी त्यांचीही कमाई थांबली. पण त्यांचं नाव कुठल्याच गिरणीच्या हजेरीपटावर नव्हतं. मग म्हाडाच्या गिरणी कामगारांसाठीच्या घरांच्या सोडतीत त्यांनी अर्ज करायचा तो कशाच्या जोरावर?