खोट्या अँजिओप्लास्टीवरच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची कमेंट लांब आहे आणि चिडून लिहिलेली आहे, पण त्यात मुद्दे आहेत, म्हणून खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या ऑर्बिटा आणि ऑर्बिटा-२ या ट्रायल्सवर मी लिहिलं होतं, ज्यात छातीत दुखणाऱ्या काही पेशंटना अँजिओप्लास्टी करून स्टेंट (अरुंद झालेली रक्तवाहिनी आतून रुंद करून ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला आणि काहींना बसवलाच नाही, फक्त बसवल्यासारखं केलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की तुमचे वडील स्टेंटमुळे आज जिवंत आहेत आणि मी स्टेंटला निरुपयोगी म्हणतेय. शिवाय तुमच्या मते आजारी माणसाला टेबलावर झोपवून खोटं ऑपरेशन करणं ही उघड फसवणूक आहे. आणि हेच लोक २०१७ मध्ये 'फायदा नाही' म्हणाले, २०२३ मध्ये 'आहे' म्हणाले, तर आमच्यासारख्यांनी विश्वास कशावर ठेवायचा. आणि शेवटी, वडील पोस्ट वाचून म्हणाले की मग या गोळ्या तरी कशाला गिळतोय, याची जबाबदारी कोण घेणार.

वडिलांपासून सुरुवात करते. तुम्हीच लिहिलंय की त्यांना हार्ट अटॅक आला होता आणि तातडीने अँजिओप्लास्टी केली. अटॅकमध्ये रक्तवाहिनी गुठळीने अचानक बंद होते, हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, तेव्हा ती वाहिनी लवकरात लवकर उघडली तर जीव वाचतो, यावर कुणाचंही दुमत नाही, माझं तर नाहीच नाही. ऑर्बिटातले पेशंट वेगळे. त्यांना अटॅक आलेला नव्हता. जिना चढताना किंवा भरभर चालताना छातीत भरून येतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत ओसरतं, असं महिनोन्महिने चाललेलं, ज्याला स्टेबल अँजायना म्हणतात. स्टेंट तोच, कॅथलॅब (जिथे ही प्रोसिजर करतात ती खोली) तीच, पण प्रश्न पूर्ण वेगळा.

आणि या दुसऱ्या गटात जीव वाचतो का, हे आधीच तपासून झालंय. २००७ च्या करेज ट्रायलमध्ये २२८७ पेशंट होते, गोळ्यांसोबत स्टेंट घातलेल्यांत आणि नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू आणि अटॅकमध्ये फरक दिसला नाही. मग कुणी म्हणालं की तेव्हाचे स्टेंट जुने, पेशंट निवडताना चुकलं वगैरे, म्हणून इस्केमिया नावाची आणखी मोठी ट्रायल झाली, ५१७९ पेशंट, ३७ देश. २०२० मध्ये छापलेले त्यातले मृत्यूचे आकडे बघा: अँजिओग्राफी (हृदयाच्या वाहिन्यांतले ब्लॉक बघायची तपासणी) करून स्टेंट किंवा बायपास करायचं ठरवलेल्या गटात १४५, आधी औषधं असं ठरवलेल्या गटात १४४. (डाव्या मुख्य वाहिनीतच मोठा ब्लॉक असलेले किंवा हृदयाचं पंपिंग फार कमी असलेले लोक यात घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हे लागू करू नका.)

म्हणजे स्टेबल अँजायनात स्टेंट घालायचं मुख्य कारण उरतं एकच, दुखणं कमी व्हावं. आणि इथेच गोची आहे. मृत्यू मोजता येतो, मेलेला माणूस प्लासिबोने, म्हणजे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या उपचाराने, उठत नाही. दुखणं मात्र माणूस सांगतो तेच खरं धरावं लागतं, आणि 'आपल्यावर मोठी प्रोसिजर झाली' एवढ्या विश्वासानेसुद्धा ते कमी होतं. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिगने पहिली अँजिओप्लास्टी केली तेव्हापासून पेशंट घरी जाऊन परत येतोय आणि सांगतोय की डॉक्टर बरं वाटतंय. त्यातलं किती बरं स्टेंटमुळे आणि किती बाकीच्या सगळ्यामुळे, हे २०१७ पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, कुणी लुटुपुटूच्या अँजिओप्लास्टीशी ताडून बघितलंच नव्हतं. तुम्हाला खोट्या ऑपरेशनचा धक्का बसला, मला या चाळीस वर्षांचा बसला होता.

आता फसवणूक. हा शब्द तुम्ही वापरलात तो पूर्ण चुकीच्या जागी आहे असं नाही, फक्त काळ चुकला. १९५० च्या दशकात अँजायनासाठी एक ऑपरेशन लोकप्रिय होतं, छातीच्या पिंजऱ्याच्या आतल्या बाजूने जाणारी एक धमनी बांधून टाकायची, म्हणजे म्हणे हृदयाकडे जास्त रक्त वळतं. पेशंट खूश, सर्जन खूश. १९५९ मध्ये सिअॅटलच्या लेनर्ड कॉब आणि मंडळींनी १७ जणांवर ते तपासलं: काहींची धमनी बांधली, बाकीच्यांना नुसता कातडीला छेद देऊन शिवून टाकलं. दोन्हीकडे सारखंच बरं वाटलं! ऑपरेशन काही वर्षांत बंद पडलं. पण त्या पेशंटना एवढंच सांगितलं होतं की या ऑपरेशनचा अभ्यास चाललाय, आपल्याला कदाचित नुसता छेद मिळेल हे त्यांना माहीत नव्हतं. याला फसवणूक म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

नंतर हे बदललं. २००२ मध्ये ह्यूस्टनला गुडघ्याच्या आर्थ्रोस्कोपीची (दुर्बिणीतून केलेल्या सर्जरीची) अशीच ट्रायल झाली, १८० पेशंट, तिथे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने केसपेपरवर लिहून द्यायला लावलं होतं की मला कदाचित फक्त प्लासिबो सर्जरी मिळेल आणि तिने माझ्या गुडघ्याचा संधिवात बरा होणार नाही. ज्यांना विचारलं त्यातल्या ४४ टक्क्यांनी चक्क नाही म्हटलं, आणि त्यांना घेतलं नाही. ऑर्बिटातही तेच, आत जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की दोनपैकी एक होणार, कुठलं ते कळणार नाही. माहीत असून संमती देणं आणि गंडवलं जाणं यात फरक आहे की नाही?

कॅथलॅबमध्ये काय केलं तेही बघा, कारण तुम्ही लिहिलंय 'नाटक केलं', आणि नाटक होतंच, पण किती काटेकोर. पेशंटला टेबलावर घेतलं की कानावर मोठे हेडफोन, त्यात गाणी चालू, म्हणजे डॉक्टर-नर्स काय बोलतात ते ऐकू जायला नको. सगळ्यांची अँजिओग्राफी झाली, सगळ्यांच्या वाहिनीत बारीक वायर घालून ब्लॉकच्या पलीकडचं प्रेशर मोजलं. मग भूल अशी वाढवली की हलवलं तरी उत्तर येत नाही, आणि त्यानंतर कुठला गट ते ठरलं. स्टेंट न मिळणाऱ्यांना तसंच किमान पंधरा मिनिटं टेबलावर ठेवलं आणि कॅथेटर (वाहिनीत घातलेली बारीक नळी) काढून घेतलं. वॉर्डात त्यांना सांभाळणाऱ्यांना गट माहीत नव्हता, नंतर ट्रेडमिल टेस्ट घेणाऱ्यांनाही नव्हता. आणि स्टेंट असो वा नसो, गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या दोन्ही गोळ्या सगळ्यांना दिल्या, नाहीतर गोळ्यांवरूनच कळलं असतं.

तुम्ही एक मुद्दा काढला नाहीत जो खरं तर काढायला हवा होता. या नाटकात इजा झाली. पहिल्या ऑर्बिटात प्लासिबो गटातल्या चौघांना त्या प्रेशर वायरमुळे गुंतागुंत झाली आणि त्यांना स्टेंट घालावाच लागला, शिवाय दोन्ही गट मिळून पाच जणांना मोठा रक्तस्राव झाला. कुणी दगावलं नाही, पण हे किरकोळही नाही, आणि 'प्लासिबो म्हणजे काहीच नाही' असं मानणाऱ्यांनी हे आकडे वाचावेत. माझं मत तरीही हेच आहे की ट्रायल करणं बरोबर होतं, कारण हीच इजा खऱ्या अँजिओप्लास्टीतही होते, आणि ती प्रोसिजर जगभर रोज होत असताना तिचा दुखण्यावर नेमका किती परिणाम होतो हे न बघता करत राहणं मला जास्त अनैतिक वाटतं. तुम्हाला पटणार नाही कदाचित. ठीक आहे.

आता '२०१७ ला नाही, २०२३ ला हो'. इथे मात्र मी अडून बसणार आहे, कारण निकाल फिरला असं वाटतं ते बातम्यांच्या मथळ्यांमुळे. ट्रायल वाचली तर प्रश्नच वेगळे होते.

पहिल्या ऑर्बिटात २०० पेशंट होते, प्रत्येकाच्या एका वाहिनीत मोठा ब्लॉक. पण प्रोसिजरच्या आधी सहा आठवडे फक्त औषधं नीट बसवण्यात घालवले, आठवड्यातून एक ते तीन वेळा कार्डिओलॉजिस्ट स्वतः फोन करून डोस वाढवतोय, काय त्रास होतोय विचारतोय (इतकं लाड कुणाला मिळतं हो एरवी). मग प्रोसिजर, मग सहा आठवड्यांनी ट्रेडमिल. स्टेंटवाले आधीपेक्षा सरासरी २८.४ सेकंद जास्त चालले, प्लासिबोवाले ११.८ सेकंद जास्त. फरक १६.६ सेकंदांचा, जो निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो. म्हणजे उत्तर असं, की औषधं भरपूर आणि नीट चालू असताना वरून घातलेल्या स्टेंटने सहा आठवड्यांत चालण्यात ठळक भर पडल्याचं दिसलं नाही. मथळा झाला 'स्टेंट निरुपयोगी'. मी तसं लिहिलेलं नाही, पोस्ट वर आहे, बघून घ्या.

मग ऑर्बिटा करणाऱ्या कार्डिओलॉजिस्ट रशा अल-लामी आणि त्यांच्या टीमने उलटा प्रश्न विचारला: अँजायनाची औषधं बंदच केली तर नुसता स्टेंट काय करतो? ऑर्बिटा-२, ३०१ पेशंट, बारा आठवडे, आणि यावेळी पेशंटने रोज फोनवरच्या अॅपमध्ये नोंदवायचं की आज किती वेळा दुखलं. अँजायनाचा स्कोअर स्टेंट गटात २.९, प्लासिबोत ५.६, जितका कमी तितकं चांगलं. ट्रेडमिलवर साधारण एक मिनिट जास्त. बारा आठवड्यांनंतर अजिबात न दुखणारे स्टेंट गटात ४० टक्के, प्लासिबो गटात १५. हा फायदा खरा आहे आणि पहिल्या निकालाशी त्याचं भांडण नाही, औषधं जोरात असताना स्टेंटला करायला कमी उरतं, औषधं नसताना जास्त उरतं.

पण त्या ४० कडे परत बघा. ब्लॉक होता, तपासून खात्री केलेला होता, स्टेंट बसला, वाहिनी मोकळी, आणि तरी दहातल्या सहा जणांना अजून दुखतंय. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हृदय म्हणजे नळ आणि ब्लॉक म्हणजे त्यात अडकलेला कचरा हे चित्र इतकं पक्कं आहे की कचरा काढला की पाणी धो धो यायलाच पाहिजे असं वाटतं. स्क्रीनवर अरुंद झालेली वाहिनी दिसली की ती सरळ केल्याशिवाय पेशंटलाही चैन पडत नाही आणि डॉक्टरलाही. पहिल्या ऑर्बिटातल्या प्लासिबो गटाला सहा आठवड्यांनी खरं काय ते सांगितल्यावर त्यातल्या ८५ टक्के लोकांनी स्टेंट घालून घेतला!

आणि जाता जाता, तुमच्या कमेंटखाली जे 'बघा, सगळी लुटालूट आहे, आम्ही म्हणतच होतो' लिहून गेलेत, त्यांच्याशीही मी सहमत नाही. या ट्रायल्स करणारे लोक स्वतः स्टेंट घालणारे कार्डिओलॉजिस्ट आहेत. आपण रोज जे करतो ते खोट्या प्रोसिजरशी ताडून बघायचं आणि निकाल जो येईल तो सगळ्या जगासमोर मांडायचा, याला लुटालुटीत कसं बसवायचं ते त्यांनी सांगावं.

राहिला वडिलांचा प्रश्न, तो या सगळ्यापेक्षा तातडीचा आहे म्हणून स्पष्ट लिहिते. त्यांनी एकही गोळी माझी पोस्ट वाचून बंद करू नये. स्टेंट बसवल्यावर रक्त पातळ करणाऱ्या ज्या दोन गोळ्या देतात त्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून असतात, मनाने मध्येच सोडल्या तर स्टेंट एकदम बंद पडून पुन्हा अटॅक येऊ शकतो. त्यातली एक काही काळाने कमी करतात, पण कधी ते स्टेंट कधी घातला, अटॅक केवढा होता, रक्तस्रावाचा धोका किती यावर ठरतं, आणि ते त्यांचे कार्डिओलॉजिस्टच सांगतील. पुढच्या फॉलोअपला जाताना सगळी गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि प्रत्येक गोळी कशासाठी आणि किती दिवस, हे विचारून पाकिटावरच लिहून घ्या.