मागच्या दाराला कुलूप का लावणार नाही

नमस्कार ताई,

गेल्या गुरुवारी संध्याकाळी तुमचा साडेतीन वर्षांचा मुलगा आमच्या पाळणाघराच्या मागच्या दारातून एकटाच अंगणात गेला, कुणाला पत्ता लागला नाही आणि 'कुलूप लावा' म्हटल्यावर मी सरळ नाही म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. सगळं खरं आहे. तुम्ही न्यायला आलात तेव्हा तो फाटकाचे गज धरून उभा होता, एकाच पायात चप्पल. मी मनापासून माफी मागते.

त्या दाराला आतून आडवा दांडा आहे. तो ढकलला की दार उघडतं आणि बझर वाजतो. दुपारी झोपलेली बाळं दचकतात म्हणून बझर बंद केला होता, तो पाच वाजता पुन्हा लावायचा राहिला. यात आमच्या मुलं सांभाळणाऱ्या ताईंना दोष देऊ नका. बझरला बटण ठेवलं मी. आता बटणच काढून टाकलंय. दार उघडं असेपर्यंत बझर वाजतो, लाईट गेली तरी बॅटरीवर. दांड्याला मुलांचे हात सहज पोचायचे, म्हणून तो वर घेतलाय, आमच्या सगळ्यात बुटक्या ताईंचा हात पोचेल इतकाच. फाटकाची कडीही वर घेतली.

कुलूप मात्र लावणार नाही. पहिल्या वर्षी होतं. आगीचा सराव घेतला तेव्हा आमच्या एका ताईंच्या दोन्ही कडेवर बाळं होती आणि किल्ली पर्सच्या तळाशी. एका बाळाला जमिनीवर ठेवून त्या किल्ली शोधत होत्या. ना धूर होता, ना अंधार, तरी हात थरथरत होते. त्याच दिवशी कुलूप काढलं. मेक्सिकोत एर्मोसियो शहरातल्या पाळणाघराला २००९ साली आग लागली, ४९ मुलं गेली. बाहेर काढायला धड वाट नव्हती, म्हणून एकाने आपली गाडी भिंतीवर घालून भगदाडं पाडली. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला हे वाचून झोप लागत नाही, ताई.

बाहेरचं कुणी आत शिरेल ही तुमची भीती रास्त आहे. पण मागच्या दाराला बाहेरून मूठच नाही. पुढच्या दाराचं चुंबकाचं लॉक धूर झाला किंवा लाईट गेली की आपोआप सुटतं, आणि सुटलंच पाहिजे. म्हणून लाईट गेली की एक ताई दाराशीच बसते.

हे सगळं त्या संध्याकाळी सांगायला हवं होतं. तुम्ही रडत होतात, मला शब्द सुचले नाहीत.

शनिवारी ११ वाजता पालकांसमोर सराव आहे. या, दांडा स्वतः ढकलून बघा. मुलाची जागा महिनाअखेरपर्यंत कुणाला देत नाही. दुसरीकडे घालायचं ठरवलंत तर डिपॉझिट पूर्ण परत देईन. फक्त तिथलं मागचं दार आतून कसं उघडतं, तेवढं विचारून घ्या.