हुशार मूल घरात निघाल्यास घ्यावयाची काळजी

घरात साप निघाला तर सर्पमित्राला फोन करायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण घरात ९९ पर्सेंटाइल निघालं तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. गेल्या पावसाळ्यात सांगलीत माझ्या भाचीच्या इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनमध्ये मी मामा या नात्यानं दोन महिने पूर्णवेळ लुडबूड केली. त्या अधिकारात चार गोष्टी सांगतो. वहीत लिहून घ्या.

सगळ्यात आधी, पर्सेंटाइल म्हणजे काय ते घरात कुणाला समजावून सांगू नका. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा. तिच्या पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स गटाला तीन-चार लाख पोरं बसतात. म्हणजे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे तीन-चार हजार पोरं उभी असतात आणि त्यातल्या बहुतेकांना कॉम्प्युटरच हवं असतं. हा हिशेब आजीच्या कानावर गेला तर वाटलेले पेढे परत मागायची वेळ येईल. आजीच्या लेखी ते शंभरातले नव्व्याण्णव आहेत, तसेच राहू द्या. तसंही २०२५च्या दहावीत राज्यात २११ पोरांना शंभर टक्के पडले होते. तेव्हापासून आमच्या गल्लीत ९६ टक्केवाल्याच्या आईला लोक "असू दे, पुढं बघू" म्हणतात.

मग फ्लेक्स. फोटो आधीच काढून ठेवा. निकालादिवशी स्टुडिओत रांग असते. मूल ज्या क्लासला गेलं तो क्लास फोटो मागेलच. ज्या क्लासला गेलं नाही, तोही मागेल. भाची एका ठिकाणी दोन वर्षं शिकली, दुसऱ्या ठिकाणी टेस्ट सिरीजच्या दोन रविवारी गेली आणि तिसऱ्या ठिकाणी रस्ता विचारायला थांबली होती. तिघांनी फ्लेक्स लावले. तिसऱ्यावर खाली "आमच्या परिश्रमांचे फळ" असं होतं. दाजींनी तिन्ही फ्लेक्सपुढे उभं राहून सेल्फी काढले, त्यामुळे तक्रार करायला जागा उरली नाही. गुणगौरव सोहळ्यांनाही जा. भाचीला पाच सोहळ्यांत चार पाण्याच्या बाटल्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. बाटल्यांवर नगरसेवकाचा फोटो असल्यानं कॉलेजात नेता येत नाहीत, पण माळ्यावर छान बसतात.

आता मुख्य विषय, म्हणजे शिष्यवृत्ती. ही दोन प्रकारची असते. एक सरकारी, जिच्यासाठी तुम्ही अर्ज करता. दुसरी खाजगी, जी तुमच्याकडे स्वतः चालत येते. तुम्ही अर्थातच दुसरी निवडा. मागितल्यावर मिळणाऱ्या गोष्टीत काय मान?

दाजींना एका खाजगी विद्यापीठाचं पत्र आलं. जाड कागद, सोनेरी उठावाची मोहोर, वर भाचीचं नाव आणि "आपली निवड ५० टक्के गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी झाली आहे". दाजींनी ते पत्र आधी देवापुढं ठेवलं, मग लॅमिनेट केलं, मग वाचलं. हाच क्रम योग्य आहे. कारण वाचायला आधी घेतलंत तर हिशेब मांडायचा मोह होतो. मला तो आवरला नाही, म्हणून मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत मांडला. ट्यूशन फी ३ लाख, डेव्हलपमेंट आणि इतर ४० हजार, पहिल्या वर्षी सक्तीचं हॉस्टेल आणि मेस १ लाख ८० हजार. एकूण ५ लाख २० हजार. ५० टक्के फक्त ट्यूशन फीवर, म्हणजे दीड लाख सूट. राहिले ३ लाख ७० हजार. दाजी म्हणाले, "म्हणजे दीड लाख वाचले की हो!"

याला म्हणतात आषाढ सेल. ताई दर आषाढात दोन हजारांची साडी हजाराला आणून "हजार रुपये वाचवले" म्हणते, तेव्हा हेच दाजी तिला हसतात.

पत्राच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत अट होती: दरवर्षी दहापैकी ९ सीजीपीए आणि ८५ टक्के हजेरी, नाहीतर पुढच्या वर्षापासून शिष्यवृत्ती बंद. अटी काही आजच्या नाहीत म्हणा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायच्या अटीवर. पण ती अट सही करताना दिसत होती. इथं सही आधी होते, भिंग नंतर येतं.

विद्यापीठाच्या काउन्सेलरबाई फोनवर फार गोड बोलतात. "सर, मॅमच्या प्रोफाइलला ही सीट आम्ही आज सहापर्यंतच होल्ड करू शकतो." घाबरून पावणेसहाला पैसे भरून टाका. न भरल्यास काय होतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच बाई "स्पेशल केस म्हणून" ६० टक्के करून देतात. आम्ही आठवडाभर फोन उचलला नाही तर ७५पर्यंत आल्या. अजून पंधरा दिवस कळ काढली असती तर बाईंनी आम्हालाच पैसे दिले असते, असं माझं प्रामाणिक मत आहे. दाजींना मात्र वाटत होतं की दर फोनागणिक पोरीची गुणवत्ता वाढते आहे.

सरकारी शिष्यवृत्तीत यातलं काहीच सुख नाही. २०२४-२५पासून घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. व्यवस्थापन कोट्याला ती लागू नाही, खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. भाची यात चपखल बसत होती. पण शंभर टक्क्यांचं पत्र येत नाही, मोहोर येत नाही, बाई फोन करत नाहीत. "फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असणार," दाजी म्हणाले. ५० टक्क्यांत त्यांना गोम दिसली नव्हती.

तशीच एक भानगड टीएफडब्ल्यूएस नावाची. कॉलेजच्या मंजूर जागांवर ५ टक्के जादा जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांना ट्यूशन फी माफ, मुलगा असो की मुलगी. पण ती मागावी लागते. ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या अर्जात, त्याच कॉलेजचा, त्याच शाखेचा दुसरा कोड असतो, शेवटी इंग्रजी टी असलेला. तो कोड दिसला की टायपिंगची चूक समजून पुढं सरका. आमच्या शेजाऱ्यांनी तसंच केलं. त्यांच्या मुलाला कॉलेज तेच मिळालं, वर्गही तोच, फक्त बाकावर शेजारी बसणारा पोरगा ट्यूशन फी भरत नाही. दोघांची मैत्री छान आहे.

ऑप्शन फॉर्म भरताना पसंतीक्रम मुलाला ठरवू देऊ नका. त्याला काय कळतं, तो फक्त शिकणार आहे. पुण्याच्या आत्याला विचारा. ती म्हणेल सीओईपी, कारण तिच्या दिरानं तिथून केलं, १९८६ साली. मुंबईचा चुलता व्हीजेटीआय म्हणेल. सांगलीकरांनी एक पथ्य जरूर पाळावं: वालचंद खाली टाकायचं. कॉलेज १९४७चं आहे हे खरं, पण घरातून सायकलवर जाता येतं आणि दुपारी जेवायला परत येता येतं, त्याला काय कॉलेज म्हणायचं? पिकतं तिथं विकत नाही. आणि पहिल्या नंबरावर "हे तर मिळतंयच" असं एखादं कॉलेज घाला, सुरक्षित म्हणून. ते मिळतंच. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. एकदाची कटकट मिटते.

शुद्ध विज्ञानाचं नाव घरात काढू नका. बारावीत बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात आलेलं मूल बीएस्सीला गेलं तर केंद्र सरकारची इन्स्पायर नावाची वर्षाला ८० हजारांची शिष्यवृत्ती आहे, ही बातमी कपाटात कुलूप लावून ठेवा. पुण्यात २००६पासून आयसर ही विज्ञान शिकवणारी केंद्राची संस्था आहे हेही सांगू नका. मुलं बिघडतात.

राहता राहिली सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रं. ती शेवटच्या दिवशीच काढावीत, त्याशिवाय घरात वातावरणनिर्मिती होत नाही. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला मरतो आणि दरवर्षी नव्यानं जन्मतो, म्हणून गेल्या वर्षीचा फाइलमध्ये आहे या भ्रमात मजेत राहा. बँक खातं मुलीच्या नावावर, आधारला जोडलेलं हवं असतं. तुम्ही वडिलांचं द्या. अर्ज परत येईल. परत आलेला अर्ज पोर्टलवर आपोआप कळत नाही, आत जाऊन बघावं लागतं. तुम्ही बघू नका. रक्कम यायची तेव्हा येते. ती आली की हा कशाचा जमा, म्हणून बँकेत चौकशी करणारे बाप मी पाहिलेत.

शेवटी आम्ही कुठं प्रवेश घेतला, हे विचाराल. भाचीनं एका रात्री आम्ही सगळे झोपल्यावर फॉर्म स्वतः भरला आणि सकाळी सांगितलं. आता ती रोज सायकलवर जाते. दुपारी जेवायला येते.

यंदा जुलैत फीमाफीच्या नूतनीकरणासाठी नवा उत्पन्नाचा दाखला हवा होता, म्हणून मी आणि ती सेवा केंद्रापुढं रांगेत होतो. पाऊस मरणाचा. केंद्रवाल्यानं रांगेसाठी दारापुढं बांबू लावून वर एक जुना फ्लेक्स ताणला होता, छापील बाजू खाली करून. वर बघितलं तर "आमच्या परिश्रमांचे फळ". मधोमध भाची, दोन वेण्या, ९९.४. नाकपुडीच्या जागी उंदरानं कुरतडलेलं.

"मामा, जरा इकडं सरक," ती म्हणाली, "माझं नाक गळतंय तुझ्या फाइलवर."