झोपलीये म्हणे मगर!

ग्वाल्हेरला पाहुणे आले की शिवपुरीचा माधव नॅशनल पार्क ठरलेलाच, आणि दरवेळी तोच तमाशा! गाइड घसा फोडून सांगतोय खाली उतरू नका, आणि आमचे भावोजी, "अरे एकच फोटो, बस दो मिनट." सख्या सागर तलावाच्या काठाला मगर जबडा उघडून पडलेली, तर म्हणे जांभई देतेय, झोपलीये. झोपलीये?? अहो ऊन खातेय ती, तोंड उघडं ठेवून उष्णता बाहेर टाकतेय, तिला झेप घ्यायला क्षण पुरतो, तुम्हाला ते पोट सावरून वळायलाच किती वेळ लागेल? मावशींचं वेगळंच, पर्समधून बिस्किटं काढून चितळाला "ये ये सोन्या"!

2023 मध्ये इथे वाघ आणून सोडलेत, 2025 ला टायगर रिझर्व्ह झालंय, पण नाही, वाघ लांब दिसला की "भैया और आगे लो", आणि जवळ आला की किंचाळायचं. लाखाच्या मोबाइलला झूम काय हळदीकुंकवाचे फोटो काढायला दिलाय? वर परतताना कुरकुर, "काही दिसलंच नाही, पैसे वाया." दिसेल कसं, जिप्सीत अंताक्षरी चालू होती ना!