वेंगुर्ला रॉक्सवर पेंग्विन आलेले नाहीत

"वेंगुर्ला रॉक्सवर हजारो पेंग्विन उतरले, होडी करून बघून या," असा मेसेज फोटोसकट आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरतोय. वेंगुर्ला रॉक्स म्हणजे वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातली खडकाळ बेटं. तो मेसेज खरा नाही.

फोटो मोठा करून वरचा कोपरा बघा: काही पक्षी उडताहेत. पेंग्विनला उडता येत नाही. खाली समुद्रात बर्फाचे तुकडेही तरंगताहेत. इमेज सर्च केल्यावर मूळ फोटो मिळाला. तो कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या प्रिन्स लिओपोल्ड या निर्मनुष्य बेटाचा आहे. हे पक्षी म्हणजे गिलेमॉट, पेंग्विनसारखे दिसणारे पण उडणारे समुद्रपक्षी. ते घरटं बांधतच नाहीत. मादी उभ्या कड्याच्या अरुंद कंगोऱ्यावर एकच अंडं घालते, एका टोकाला निमुळतं. पिल्लू जेमतेम तीन आठवड्यांचं झालं, की नीट उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात झेप घेतं. विलक्षणच आहे हे!

आपल्या रॉक्सवरचे पक्षी वेगळे, पण मोलाचे तितकेच. तिथल्या गुहेत पाकोळ्या लाळेने घरटी चिकटवतात, खडकांत सुरय (टर्न) पक्षी अंडी घालतात. विणीच्या दिवसांत माणसं उतरली की सुरय उठतात आणि अंडी उघडी पडतात. त्यामुळे कळकळीची विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथून आला, तिथे हा खुलासा टाका.