लॉक दुकानाचं, किल्लीही दुकानाकडेच

‘ई-पुस्तकाला डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल लॉक, नसेल तर एक जण विकत घेणार आणि शंभर जण फुकट वाचणार. लॉकमुळेच प्रकाशक तरतो, आणि पैसे मोजणाऱ्याला त्याचा काहीच त्रास नसतो.’ हा दावा हिरिरीने मांडला जातो.

आधी ‘शंभर जण’. पुस्तक सहसा एईएस या भक्कम पद्धतीने कूटबद्ध केलेलं असतं, पण ते एईएस फोडायच्या भानगडीत कुणी पडत नाही. वाचकाला पान दिसायचं तर किल्ली त्याच्याच यंत्रात पोचवावी लागते, मग ती कितीही लपवा. डीव्हीडीवरचं 40 बिटांच्या किल्लीचं सीएसएस हे लॉक 1999 मध्येच निकामी झालं. लॉक शाबूत राहिलं तरी पानांचे फोटो काढून ओसीआर करता येतंच, म्हणजे चित्रातली अक्षरं पुन्हा मजकुरात बदलता येतात. आणि हा खटाटोप शंभर जणांना करावा लागत नाही. एकाने केला की बाकीच्यांच्या हाती बिनलॉकची फाइल पडते.

गेम्सचं मात्र थोडं वेगळं आहे. तिथली बरीचशी कमाई पहिल्या काही आठवड्यांत होते, त्यामुळे लॉक तेवढे दिवस टिकलं तरी पुरतं. वर्षानुवर्षं विकल्या जाणाऱ्या पुस्तकाला हा हिशोब लागू पडत नाही.

‘ग्राहकाला त्रास नाही’ म्हणणाऱ्यांनी 2019 आठवावं. मायक्रोसॉफ्टने ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि विकलेली पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. टिपणं केलेल्यांना 25 डॉलर जास्तीचे मिळाले, टिपणं मात्र गेली. फुकट्यांच्या फाइलींना यातलं काहीच झालं नाही. 2005 मध्ये सोनी बीएमजीच्या सीडींनी तर विंडोजमध्ये गुपचूप रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर, घुसवलं होतं, तेही सीडी विकत घेणाऱ्यांच्याच संगणकात.

राहिला प्रकाशक. खरी मेख इथेच आहे. लॉक प्रकाशकाच्या पुस्तकाला असतं, पण ते उघडणारी यंत्रणा दुकानाच्या ताब्यात. एकाच दुकानातून दोनशे पुस्तकं घेतलेला वाचक दुसरीकडे जात नाही, कारण जुनी पुस्तकं तिकडे उघडत नाहीत. मग कमिशनची बोलणी सुरू झाली की ‘आम्ही दुसरीकडे विकू’ या प्रकाशकाच्या धमकीत दम उरत नाही. संगीत कंपन्यांना हे आधी कळलं. त्यांनीच आग्रह धरलेल्या लॉकमुळे आयट्यून्सची गाणी ॲपलच्या यंत्रांना बांधली गेली होती. 2009 मध्ये तिथल्या गाण्यांवरचं लॉक निघालं. टॉर बुक्स या प्रकाशनाने 2012 मध्ये ई-पुस्तकांचं डीआरएम काढलं आणि वर्षभराने सांगितलं, की चाचेगिरीत जाणवण्याजोगी वाढ नाही.

काहीच नको असं नाही. विक्री करताना प्रत्येक प्रतीत खरेदी क्रमांकाचा वॉटरमार्क (ओळखखूण) घालता येतो: एक दिसेल असा पहिल्या पानावर, दुसरा आतल्या फाइलींत लपवलेला. वाचकाचं काही अडत नाही आणि फाइल फुटली तर माग लागतो. अर्थात ईपब या स्वरूपातलं ई-पुस्तक म्हणजे शेवटी अनेक फाइलींची झिपच. दोन प्रती शेजारी ठेवून तुलना केली की लपवलेली खूणही सापडते. म्हणून ती एकाच जागी ठेवू नये, आणि ग्राहकाचा ईमेल किंवा फोन नंबर तर त्यात अजिबात घालू नये.